दुपारच्या गाडीची सावली

अप्पा : धूर कापलास. बाकी सगळं पसंत हाय मला, महानंदा, पण धूर कापलास.

महानंदा : वारं उलटं होतं अप्पा. धूर वर गेला नि फोटोच्या बाहेरच पडला. अजून थांबले असते तर इंजन खडकाआड गेलं असतं.

अप्पा : मग चार पावलं मागं सरायचं. मी काय सांगितलंय? रेल्वेचा फोटो म्हणजे नवरदेवाचा फोटो. तोंड दिसलं पाहिजे नि मुंडावळ्या दिसल्या पाहिजेत. धूर म्हणजे इंजनाच्या मुंडावळ्याच की. अर्ध्या मुंडावळ्यांचा नवरदेव कुणाला दाखवणार तू?

महानंदा : मागं सरायला जागा नव्हती. मागं दरी होती.

अप्पा : हां. मग ते माफ. दरीत पडून धूर आणू नको. आता चांगलं सांगतो, ऐक. गाडीच्या पुढं जागा सोडलीस, ते बराबर. चालणाऱ्याच्या पुढं जागा पाहिजे, नाहीतर तो भिंतीवर आदळल्यासारखा दिसतो. डब्यांनी वळण कसं झोकात घेतलंय! पाठीशी टेकडी, दोन्ही अंगाला झाडी. ह्या असल्या सालात एवढी झाडी तुला गावली कुठं?

महानंदा : माहेरी. बाळंतपणाला गेले होते तेव्हा. यडशीच्या पुढं, रामलिंगाच्या घाटात. तुमचा तो जुना डबा कॅमेरा घेऊन गेले होते ना, त्यातनं. लेकरू आईजवळ ठेवलं, पळत गेले नि पळत आले.

अप्पा : जुन्या डब्यातनं हे! कमाल हाय. आमच्या विरूपाक्षाला मोठा कॅमेरा दिला, तरी त्याच्या फोटोत जमीन तिरकी येते. भाचा असला म्हणून काय झालं, खरं ते खरं.

महानंदा : मग प्रदर्शनाला माझा जाणार?

अप्पा : थांब की. दोन्ही शेजारी ठेवून बघू दे. हा तुझा, हा त्याचा. एका स्टुडिओचा एकच फोटो घेणार म्हणून सांगितलंय, 'निसर्ग आणि रेल्वे' ह्या खात्यात. महाराष्ट्र दिनाला, एक मेला, नव्या कलेक्टर कचेरीत लागणार. सगळा नवा जिल्हा येणार बघायला.

महानंदा : आणि तुमचा शब्द?

अप्पा : शब्द हाय तिथंच हाय. माझ्या डोळ्यांवर पडदा आलाय, मला बाहेरचं काम होत नाही आता. ज्याचा फोटो जाईल, लग्नसराईचा कॅमेरा त्याच्या हातात. तो बाहेर, दुसरा आत.

महानंदा : मी चार वर्षं आतच आहे अप्पा. अंधाऱ्या खोलीत नि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत.

अप्पा : मालूम हाय मला.

गुणाबाई : आगं ए महानंदे, घे बाई तुझं लेकरू. साऱ्या बाजारातनं वरडत आणलं, निळं पडायची येळ आली. लोकं मला इचारत्यात, कुणाचं पळवून चालवलंस. जयभीम अप्पा.

अप्पा : शरणु, गुणाबाई. बसा, पंखा चालू हाय. नातू आवाजाला खणखणीत निघाला.

गुणाबाई : आज्यावर गेलाय. त्येबी भूक लागली की असंच गाव गोळा करायचे. आगं पाज की त्याला, बगत काय बसलीस? काय हाय त्या कागुदात?

महानंदा : फोटो आहे आत्याबाई. मी काढलेला. बघा.

गुणाबाई : चष्मा न्हाई आणला. लांब धर. आगं, ही तर रामलिंगाची झाडी! तितली माकडं लई वंगाळ हायती. तुला बगायला आलतो तवा ह्याच गाडीत ह्यांची टोपी नेली एका माकडानं. सोयरीक मोडायचीच बाकी हुती.

अप्पा : टोपीवाचून झाली ना सोयरीक? मग ठीक. हा फोटो आता प्रदर्शनात लागणार. आपल्या जिल्ह्याचा निसर्ग नि आपल्या जिल्ह्याची रेल्वे.

गुणाबाई : आपल्या कुटल्या?

अप्पा : आपल्या म्हणजे लातूर जिल्ह्याच्या.

गुणाबाई : रामलिंग कुटं आलाय लातुरात? जिल्ह्याची वाटणी झाली तवा तो धाराशिवाकडंच ऱ्हायला की.

अप्पा : काय?

महानंदा : बरोबर आहे त्यांचं. मुरूडच्या पुढं आपली हद्द संपते. यडशी, घाट, सगळं उस्मानाबादेत राहिलं.

अप्पा : अय्यय्यो! आणि मी तासभर धूर धूर करत बसलोय!

महानंदा : माझ्या ध्यानात कसं आलं नाही… माझ्या डोक्यात माहेर नि सासर अजून एकाच जिल्ह्यात आहे अप्पा. लग्न झालं तेव्हा होतंच. पाटी बदलली, पण गाडी तीच, तिकीट तेच. जाताना कुठं कळतंय हद्द ओलांडली म्हणून?

गुणाबाई : वाटणी अशीच आसती बाई. थोरल्या भावानं झाडी ठिवून घेतली, आन् धाकट्याच्या वाट्याला माळ आला. माळ बी असा की बाभळीला बी नको वाटावा. मी काय वावगं बोलले का? तोंड का उतरलं तुमचं?

अप्पा : वावगं कसलं. तिथं शंभर माणसांत कुणी बोललं असतं, त्याच्यापेक्षा इथं बोललात ते बेस झालं. मग आता खुलासा झाला, महानंदा. विरूपाक्षाचा धाडतो.

महानंदा : विरूपाक्षभाऊंचा फोटो किनवटचा आहे.

अप्पा : असू दे.

महानंदा : किनवट नांदेड जिल्ह्यात आहे अप्पा.

अप्पा : ते फोटोवर लिहिलंय का? जंगल हाय, गाडी हाय. जंगलाला काय नाव असतं?

महानंदा : झाडं बघा की. साग आहे सगळा. आपल्याकडं साग दारा-खिडक्यांना असतो, उभा कुठं बघितलाय कुणी? आणि रूळ बघा. तिथली गाडी मोठी आहे. आपली गाडी म्हणजे पोरांनी दोरीनं ओढावी एवढी. त्याच गाडीतनं बार्शीला जाणारी माणसं येणार आहेत प्रदर्शनाला. डबा बघूनच हसतील.

अप्पा : वर एक ढग टाकला की रूळ कोण बघतंय?

महानंदा : तोच ढग?

अप्पा : तोच म्हणजे? चांगला ढग हाय तो. मांजरा नदीला मोठा पूर आला होता त्या सालातला. त्याची निगेटिव्ह काचेसारखी जपलीय मी. कुठल्याही फोटोवर धरली की बसते आभाळात. रिकामं आभाळ म्हणजे रिकामं ताट. गिऱ्हाईक घेत नाही.

महानंदा : अप्पा, अर्ध्या लातूरची लग्नं त्या एका ढगाखाली लागलीत. माझ्या लग्नाच्या फोटोत तोच आहे. माझ्या जावेच्या फोटोत तोच आहे. तिचं लग्न वैशाखात झालंय.

गुणाबाई : व्हय की! मी इचारात पडले हुते, त्या दिशी तर आभाळ कोरडं ठाक हुतं.

अप्पा : कुणी तक्रार केली का? नाही ना?

महानंदा : लग्नाचं ठीक आहे. पण नळाला पाणी नाही, टँकर आला की बाया हंड्यावर हंडा आपटतात, आणि कचेरीत आपण ढग टांगायचा? मला मोठा कॅमेरा द्या एक दुपार.

अप्पा : कशाला?

महानंदा : लातूर जिल्ह्यातली रेल्वे काढायला.

अप्पा : हितं काय काढणार तू? खडी काढणार? बारशाचा रोल चालू हाय त्यात, शेवटचे दोन फोटो उरलेत. नवा रोल मी देणार नाही.

महानंदा : दोन बास झाले.

अप्पा : जिद्दीला पेटू नको. आणखी एक गोष्ट बोलतो, वाईट वाटून घेऊ नको. लग्नघरात विरूपाक्षाला देवघरापर्यंत नेतात. तुला नेतील का, हा सवाल हाय मला. तुझ्या कामाचा नाही, त्यांच्या दिमागाचा हाय.

गुणाबाई : ऐकलंस?

महानंदा : ऐकलं. वाईट वाटलं अप्पा. वाटू दे. पण तुम्ही अट फोटोची घातली होती, देवघराची नाही घातली. फोटो पडला तर मी आपण होऊन अंधाऱ्या खोलीत जाऊन बसते. पण आधी फोटो पडू दे. द्याल ना?

अप्पा : पट्टा गळ्यात घाल. हातात धरून नेऊ नको. आणि सूर्य पाठीमागं ठेव.

(औसा रोड स्टेशन. एप्रिलची कललेली दुपार. गाडी अजून यायची आहे.)

गुणाबाई : हितं काय काडणारंस तू? औसा रोड नाव, आन् हितनं औसा बी दिसंना नि रोड बी दिसंना.

महानंदा : बघू द्या जरा आत्याबाई. ही वठलेली बाभळ एका बाजूला घेतली, रूळ असा लांबून आला… नाही. तारेचा खांब येतोय मधी.

गुणाबाई : असं खाली मुंडी घालून काय बगतीस? गाडी काय डब्यातनं यायची हाय?

महानंदा : ह्या कॅमेऱ्यात वरनंच बघायचं असतं. पोटाशी धरायचा नि मान खाली घालायची. आत काचेवर चित्र दिसतं. बघा, तुम्ही दिसताय. फक्त उजवं डावीकडं दिसतं.

गुणाबाई : आगं बया! मी उलटी झाले की. आन् लेकरू डाव्या कडंवर गेलं. बाईमाणसासाटीच केलाय म्हण की ह्यो. पुरुसाला कुटं येती मान खाली घालाया?

महानंदा : हसवू नका, हात हलतो. त्या समोर कोण बसल्यात बांधावर?

गुणाबाई : दुष्काळी कामावरल्या बाया. ह्या अंगाला तळ्याचं काम चालू हाय न्हवं. मी बी हुते गेल्या साली, तुझं बाळंतपण आलं तवर. खड्ड्याचं माप घ्याया मुकादम येस्तवर बसून ऱ्हायचं उन्हात. ती केवळाबाई, टोपलं डोक्यावर पालथं घातलंय ती. बाजूला धुरपता. ए केवळे! आगं माजी सून हाय! फोटू काडायला आली. रेलीचा, तुजा न्हाई!

महानंदा : काय म्हणतायत?

गुणाबाई : म्हणत्यात, रेलीचा कशाला, रेल काय कुटं हरवली हाय का? मेल्या लई खवट.

महानंदा : आली. शिट्टी झाली. आत्याबाई, लेकराला धरा. सूर्य पाठीमागं… इंजनाचं तोंड… पुढं जागा… धूर सगळा घ्यायचा…

गुणाबाई : काड की मग!

महानंदा : थांबा… अजून… आता. झाला.

गुणाबाई : झाला? चला मग, ह्याला भूक लागली.

महानंदा : झाला, पण वाया गेला. ऐन वेळेला खांब इंजनाच्या डोक्यावर आला. धुराड्यातनं खांब उगवल्यासारखा येणार. अप्पा बघता क्षणी हसतील.

गुणाबाई : मग दुसरा काड.

महानंदा : एकच उरलाय. आणि आता गाडी उभी राहिली. उभ्या गाडीत काय आहे? माळ, दगड, गाडी. तिन्ही एका रंगाचे. अप्पा म्हणत होते खडी काढणार का म्हणून… अहो, ह्या बाया पळायल्या कुठं? गाडीत बसणार का?

गुणाबाई : कशाला बसत्यात? तिकीट कुणाकडं हाय? पल्याडल्या अंगाला चालल्या सावलीला.

महानंदा : कसल्या सावलीला?

गुणाबाई : गाडीच्या. समोरनं दुसरी गाडी येस्तवर ही हालत न्हाई. तवर तिची सावली पडती भुईवर लांबलचक. ह्या सबंद माळाला दुसरी सावली हाय का सांग बरं? आमी रोज बसायचो. गाडी आली म्हंजी सावली आली. सरजाबाईच्या शेळीला बी ठावं हाय, शिट्टी झाली की आपसूक उठती.

महानंदा : चला.

गुणाबाई : कुटं?

महानंदा : पल्याड. लवकर चला आत्याबाई.

गुणाबाई : आगं हळू, लेकरू हाय कडंवर! अप्पा म्हणले ना सूर्य पाटीमागं ठिव? पल्याडनं तर तोंडावर ईल.

महानंदा : येऊ दे तोंडावर.

गुणाबाई : बग, बसल्या का न्हाई वळीनं? अंगत-पंगत मांडल्यावानी. सरकून घ्या गं बायानो, सुनंला जागा द्या. आन् ह्याला आदी पाज, महानंदे. टाळू सुकली लेकराची.

महानंदा : एक मिनिट. गाडी हलेल.

गुणाबाई : हालू दे. उद्या परत येती गाडी. ह्याची भूक उद्या येती का?

महानंदा : उद्या अप्पा कॅमेरा देणार नाहीत. लग्न आहे उद्या कुणाचं तरी, विरूपाक्षभाऊ नेणार.

गुणाबाई : मला ते काय ठावं न्हाई. खाली बस. पाज.

महानंदा : बसते. द्या. ये रे माझ्या राजा, ये. किती रडलास… हां. हां. पी.

गुणाबाई : वर खिडकीतनं बाप्ये बगायलेत. थांब, मी आडोसा धरते. घे, पदर धरला. आता नीट पाज.

महानंदा : आत्याबाई.

गुणाबाई : काय?

महानंदा : इथनं, खालनं, काय दिसतंय माहीत आहे का… सगळी गाडी दिसते शेवटपर्यंत. वर ऊन नि खाली ही सावलीची पट्टी, आणि पट्टीत एकेक बाई. जिथं सावली संपते तिथं बाया संपतात. शेळीसुद्धा रेघेच्या आत आहे बघा.

गुणाबाई : मग? बाहेर बसून काय करंल ती?

महानंदा : कॅमेरा गुडघ्यावर ठेवा माझ्या. झाकण वर करा. असं. आता पदर तसाच धरा, हलू नका.

गुणाबाई : आगं, पाजता पाजता?

महानंदा : मान तर खालीच आहे. इकडं तो दिसतो, तिकडं काचेत हे दिसतं. उजव्या हातानं तेवढं बटण दाबायचं.

गुणाबाई : ए बायानो, हिकडं बगू नगा! केवळे, तोंड तिकडं कर! दात काय दावतीस!

महानंदा : राहू द्या, काही बोलू नका त्यांना. थकतील नि आपोआप बघायच्या थांबतील.

गुणाबाई : दुसऱ्या गाडीची शिट्टी झाली. ऐकलीस का?

महानंदा : ऐकली.

गुणाबाई : उटायला लागतील सगळ्या. काड लवकर.

महानंदा : अजून नाही. केवळाबाईंना टोपलं काढू दे डोक्यावरनं… काढतील. सावलीत आहेत त्या, आता कशाला पाहिजे टोपलं… पी रे तू, हळू पी… काढलं. झाला.

गुणाबाई : आवाज बी न्हाई आला.

महानंदा : त्याचा येतच नाही फारसा.

*

अप्पा : अर्धा फोटो काळा हाय, महानंदा.

महानंदा : सावली आहे ती अप्पा.

अप्पा : ते मला पण मालूम हाय. सूर्य समोर घेतलास. इंजन कुठं? पार तिकडं टोकाला, तोंड पाठ काही कळत नाही. हे म्हणजे नवरदेव मांडवाबाहेर नि वऱ्हाड मधोमध. चार वर्षं मी तुझ्याकडनं काय करून घेतोय? चेहऱ्यावरची सावली काढून घेतोय. नाकाखाली एवढीशी सावली आली तर लोक म्हणतात, आमच्या पोरीला काळी केली. आणि तू सावलीचाच फोटो आणलास?

महानंदा : चार वर्षं पेन्सिलीनं सावल्या खोडल्या, म्हणून तर मला ती दिसली. भिंग घ्या नि आत बघा. मी आत कुठंच पेन्सिल लावलेली नाही.

अप्पा : भिंगातनं पण मला काळंच दिसायलंय. डोळ्यांचा दोष असेल.

गुणाबाई : आना हिकडं, मी सांगते. आज चष्मा आणलाय. तुमी भिंग धरा नि मी बोट ठिवते तितं बगा. ही केवळाबाई. आत्ताच टोपलं काडून मांडीवर घेतलंय. टकुऱ्यावर टोपल्याचा वळ उटलाय, दिसला का?

अप्पा : थांबा… हां. हां, दिसला.

गुणाबाई : ही धुरपता. डोळं मिटून पाट लावलीया चाकाला. हिला लई बोललं तरी कळणार न्हाई, कानानं अधू हाय. ही नागुबाई, पायातला काटा काडायली. आन् ही सरजाबाई, तिच्या मांडीवर शेळीचं तोंड हाय. पोरावानी निजलीया शेळी.

अप्पा : शेळीचा डोळा दिसायलाय की. मिटलेला. आतलं एवढं आलंच कसं?

महानंदा : कागदावर छापताना उन्हाला उजेड जास्त दिला नि सावलीला कमी. हातानं आडोसा धरून. तुम्हीच शिकवलंय, घुंघटातल्या नवरीसाठी.

अप्पा : ह्या बसल्यात कशाला तिथं? गाडीत का चढत नाहीत?

गुणाबाई : सावलीला बसल्यात.

अप्पा : झाड नाही का जवळ?

गुणाबाई : झाड आसतं तर रेलीची वाट कशाला बगितली आसती, अप्पा?

अप्पा : थांबा. बघू दे मला.

गुणाबाई : लेकरू निजलंय, मी बाकड्यावर टाकते. तुमी बगा.

अप्पा : मी लई रेल्वेचे फोटो बघितले. निजामाच्या काळापासनं बघितले. पुलावरची गाडी, घाटातली गाडी, हिरव्या शेतातली. गाडी जाती नि आपण बघत राहतो. ही कुठं चाललीच नाही. ही बसलीया ह्यांच्यासाठी.

महानंदा : दुसरी गाडी येईपर्यंत.

अप्पा : तेवढ्यापुरती का होईना. पण इंजन जरा मोठं असतं तर…

महानंदा : इंजनाला सावली नव्हती फारशी. बाया मधल्या डब्यांपाशी होत्या.

अप्पा : ऐकत नाहीस तू. बरं, मग एक कर माझं. आभाळ पांढरं फटक हाय. तो ढग नको म्हणतीस, मी दुसरा शोधतो. बारका. कुणाच्या लग्नात न वापरलेला.

महानंदा : नाही अप्पा. एक मेला कामाला सुट्टी आहे. आत्याबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, कचेरीत या म्हणून. केवळाबाई येणार, धुरपताबाई येणार. त्यांनी फोटोत वर बघितलं नि ढग दिसला, तर मला काय विचारतील?

गुणाबाई : म्हणतील, आमच्या डोक्यावरनं हाटवून कुणाला दिला?

अप्पा : आणि विरूपाक्षाला मी काय सांगू? त्याची आई माझी थोरली बहीण हाय. तिच्या तोंडाला कोण लागणार?

महानंदा : त्यांना सांगा, किनवटचा फोटो नांदेडच्या प्रदर्शनाला धाडा. तिथं तो खराच आहे. आणि जमीन तिरकी आली तेवढी मी कापून सरळ करून देते. आत बसून.

अप्पा : आत बसून, हां? आत कोण बसणार ते मी ठरवणार. पुढच्या महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न हाय. शिवगंगाचं. कॅमेरा तू आणणार. मी तुझ्या पुढं चालतो, आणि देवघरापासनंच सुरुवात करतो. माझ्या घरात कोण कुणाला अडवतंय, बघू दे मला एकदा. पुढच्या घरांचं मी सांगू शकत नाही.

महानंदा : पुढच्या घरांचं मी बघते.

गुणाबाई : रडू नगं आता. कागुद भिजंल.

महानंदा : रडत नाही मी. कुठं रडतेय?

अप्पा : इल्ला, इल्ला, फोटो ओला करायचा नाही. आण इकडं, पाठीमागं नाव घालतो… थांब. हे काय? मला म्हणतीस ढग नको, आणि हितं वरच्या कोपऱ्यात आलाय की एक. पांढरा, कडा विरलेला. माझ्या डोळ्यांना पण दिसतोय.

महानंदा : ढग नाही तो. आत्याबाईंचा पदर आहे. मी लेकराला पाजत होते तेव्हा त्यांनी आडोसा धरला होता. जवळ होता म्हणून विरून आलाय. मला काचेत दिसला होता, पण सरका म्हणाले असते तर… कडेलाच आहे, पट्टीनं कापून टाकू का? तुमच्या नियमानं कापायला पाहिजे.

अप्पा : धूर कापलास तेव्हा मी तुला बोललो.

महानंदा : हो.

अप्पा : मग हा पण कापू नको. नाव सांग. पुरं सांग, घाई करू नको, मला अक्षर मोठं काढावं लागतं.

महानंदा : महानंदा श्रीमंत बनसोडे.

अप्पा : म-हा-नं-दा… झालं. गुणाबाई, खाली तुमचं पण लिहू का? पदर तुमचा हाय.

गुणाबाई : माजं नगं. म्या काय फोटूसाटी धरला हुता व्हय?